दाजी घाट चढतात

आमच्या दाजींइतकी मोटारीची मर्जी सांभाळणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो एखाद्या चिंचेखाली बॉनेट उघडून गाडीला वारा घालत बसलेला असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. इस्लामपूरजवळ त्यांचा ऊस आहे, एक जुनी पांढरी मोटार आहे, आणि मोटारीहून जुनी अशी एक समजूत आहे की बैल आणि मोटार यांत फरक काय तो शेपटीचा. इस्लामपूरहून सांगलीला लोक तासाभरात पोचतात. दाजी सकाळची न्याहारी करून निघतात आणि दुपारच्या जेवणाला आमच्या दारात उभे राहतात. मधे सावली दिसली की गाडी उभी करायची, टायरवर तांब्याभर पाणी मारायचं, बॉनेटवर थाप द्यायची आणि "दम खाऊ दे तिला" म्हणत आपणही बांधावर बूड टेकायचं.

पुढच्याला मागं टाकणं हे त्यांच्या लेखी असभ्यपणाचं लक्षण. एकदा आष्ट्याजवळ त्यांना म्हशींचा कळप आडवा गेला. दाजी त्याच्या मागोमाग निघाले ते थेट गोठ्याच्या फाटकापर्यंत गेले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "म्हशींनी वाट दिली न्हाई, मग आपण कशाला मागायची?" वाट विचारण्याचाही त्यांचा कायदा होता. एकट्यादुकट्याला विचारायचं नाही. तिघांना विचारायचं आणि दोघं म्हणतील तिकडं वळायचं. या कायद्यानं ते एकदा खंडाळ्याकडच्या एका लग्नाला निघाले, बहुमतानं भलत्याच मांडवात पोचले, आहेर केला, जेवले, आणि परत येऊन "मुलगी लय गुणाची वाटली" असंही सांगितलं.

या सगळ्या प्रवासांत अक्का डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन गप्प बसलेली असायची. तिनं नवऱ्याकडं हौसेचं काही मागितलेलं मला आठवत नाही. पण गेल्या वर्षी पाटणच्या वरच्या पठाराचे फोटो तिनं कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिले. वर पवनचक्क्या फिरतायत आणि खाली नजर पोचेल तिथवर पिवळी सोनकी फुललीय. तेव्हापासून तिनं एकच धरलं, "एकदा मला तिथं न्या." दाजींनी आधी उसाच्या पाण्याची सबब सांगितली, मग गाडीच्या वयाची, मग स्वतःच्या गुडघ्याची. अखेर दसऱ्याच्या सुमारास तयार झाले ते मला सोबत घेऊनच. "पाव्हणं, तुमी मागं बसा. घाटात गाडीला मागं वजन पायजे," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. वजनाच्या बाबतीत माझ्यावर विश्वास टाकायला हरकत नव्हती.

उजाडताना निघालो. कराडला गाडीनं दम खाल्ला, आम्ही चहा घेतला. पाटणच्या अलीकडं एका आंब्याखाली अक्कानं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पाटण सोडलं आणि घाट लागला. हवा स्वच्छ होती. पाऊस नुकताच सरला होता, डोंगर अजून हिरवे होते आणि जागोजागी पाण्याच्या धारा उतरत होत्या. "आवं, ते बघा की," असं अक्का म्हणाली तेव्हा दाजी म्हणाले, "मी रस्ता बघतो, तू डोंगर बघ. काम वाटून घ्यावं." पण त्यांची हनुवटी आता जवळजवळ स्टिअरिंगला टेकली होती. मागून येणारी गाडी हॉर्न वाजवून निघून गेली. एका वळणाच्या अलीकडं दाजींनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"धुकं लय पडलंय," ते म्हणाले.

मी खिडकीतून पाहिलं. लख्ख ऊन होतं. खाली कोयनेचं पात्र चमकत होतं आणि पलीकडच्या उतारावर चरणारी शेरडं वेगवेगळी ओळखू येत होती. "कसलं धुकं, दाजी?" असं मी म्हणणार, तेवढ्यात अक्कानं मागं न बघता हात लांबवला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. ती दाजींकडं बघत होती. मग मलाही उमगलं. दाजी थाप मारत नव्हते. त्यांना खरोखरच समोर पांढरं दिसत होतं.

"व्हय, लय हाय धुकं," अक्का म्हणाली. "तुमी या इकडं. मी घेते गाडी."

"तू?"

"आबांचा ट्रॅक्टर कोण चालवत हुतं? बापूला इचारा."

बापू म्हणजे मी. आमच्या वडिलांचं रान लग्नाआधी अक्कानंच नांगरलं होतं, हे खरं होतं. आणि अलीकडं दाजी शेतावर गेले की शेजारणीला दवाखान्यात नेणं, दळण आणणं हे सगळं ती याच मोटारीतून करायची, लायसन्सही काढलं होतं, हे दाजी सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी तेवढं सांगून टाकलं. दाजी खाली उतरले. बॉनेट चाचपत ते पलीकडच्या बाजूला गेले आणि डाव्या सीटवर अवघडून बसले, नवीन जावई बसतो तसे.

अक्कानं घाट सहज चढवला. वर पोचल्यावर तिनं दाजींचा हात धरून त्यांना फुलांच्या कडेला नेऊन बसवलं. वारा जोरात होता. दाजी बराच वेळ समोर बघत राहिले.

"पिवळं दिसतंय खरं," ते म्हणाले. "हळद वाळत घातल्यागत."

"तसंच हाय."

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "लय दिस झालं असं दिसाय लागून. सांगितलं आसतं तर तुमी समद्यांनी गाडी बंद केली आसती माझी."

"गाडी कशाला बंद करू?" अक्का म्हणाली. "शेजारी बसायचं, काम वाटून घ्यायचं." दाजी हसले, आणि उपरण्यानं डोळे पुसले. वाऱ्यानं पाणी येतंय, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्यात काचबिंदू निघाला. त्यातली गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपा म्हणाले. आता गाडी अक्काच चालवते. इस्लामपूरहून निघाल्याचा तिचा फोन येतो आणि आमच्याकडं भाजी फोडणीला पडेपर्यंत दोघं दारात हजर असतात.

मागच्या महिन्यात असेच येऊन गेले. निघताना दाजी गाडीत बसले, काच खाली केली आणि मला म्हणाले, "हिच्या हातात गाडी लय पळती, पाव्हणं. बघावं म्हणून मान वळवावी, तर झाड मागं गेलेलं आसतंय." अक्कानं ते ऐकलं आणि गाडी सुरू केली. गाडी आमच्या गल्लीतून निघाली. टोकाला, वळायच्या आधी, ती थांबली. कुणाच्या तरी कुंपणावरून बोगनवेल बाहेर आली होती. अक्का तिकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होती, आणि दाजी काचेशी तोंड नेऊन बघत होते. मागं कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. मी बराच वेळ दारात उभा राहिलो.