दावणीला बांधलेली मोटार

खळ्यात कापूस पडू लागला की त्याचा ढीग कधी झाला ते कळत नाही. किश्शांचंही तसंच आहे. मी चारचौघांत बोलत नाही, म्हणून सगळे माझ्या कानाशी येऊन साचतात. ती मोटार आमच्या खळ्यात आठच दिवस होती, पण मी किस्से लिहिते त्या भूमितीच्या वहीची मागची पानं तिनेच भरली!

मोटार लोणखेड्याच्या डॉक्टरसाहेबांची. इंग्रजांच्या वेळची, काळी, कापडी टपाची. साहेब मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसून व्हिजिटला जायचे. कुणी येऊन "उशीर होतोय" म्हटलं की भरल्या ताटावरून उठायचे म्हणे. ते वारले आणि मोटार सहा वर्षं जिनिंगच्या शेडमध्ये पडून राहिली.

माझ्या वडिलांना, आबांना, ती घ्यायची होती. आमच्या तापीकाठच्या गावाला एसटी येत नव्हती आणि माझी सातवी संपत आली होती. आबांनी मायला माझ्यादेखत सांगून टाकलं होतं, "गाडी उनी ते पोर आठवीले शहादाले जाई. नही ते सातवी बस!"

मोटार आली तरच मी आठवीला जाणार होते, तेव्हा ती घ्यायची की नाही, हा प्रश्न माझाच होता.

*

आमच्याकडे बैल घेताना आधी आठ दिवस दारात बांधून बघतात. रुळला, खाल्लं, तर ठेवायचा. नाही तर परत. आबांना दुसरी रीत ठाऊक नव्हती. म्हणून मोटारही आठ दिवसांच्या बोलीवर आली, दोन बैलांनी ओढत!

शहाद्याचे रज्जाक मिस्तरी बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ उभे होते. रेडिएटर गळका, रिंगा झिजलेल्या, वायरी उंदरांनी खाल्लेल्या.

"इंजिन मरेल नही शे आबा, झोपेल शे," ते म्हणाले. म्हणजे मेलेलं नाही, झोपलेलं.

"मंग जागं कोन करी?"

मिस्तरींनी मागच्या सीटकडे पाहिलं आणि बॉनेट हळूच लावलं. "ज्याले घाई व्हई, तो!"

*

बैल पारखावा तर आमच्या दगाकाकांनी. त्यांनी मोटारीला तीन फेऱ्या मारल्या. जाळीत बोट घालून दात पाहिले. अंगावर कुठे खोटा, अशुभ भोवरा आहे का, तेही पाहिलं. डाव्या दारावर एक पोचा सापडला तसे ते थबकले. मग बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी मागे एक थाप मारली.

भोंगा वाजला!

"देखा! अजून जीव शे!" काका खूश झाले.

मिस्तरी मात्र हसले नाहीत. भोंग्याचा रबरी फुगा कुजून गेला होता. वाजायला तिथे नुसती पितळेची नळी उरली होती.

*

काकांनी मोटारीच्या पुढच्या दांडीला दावं बांधून ते खुंट्याला अडकवलं. तोंड घराकडे. नवं जनावर घराकडे तोंड करून बांधायचं, म्हणजे त्याला माणसं ओळखीची होतात.

दुपारी सगळे जेवून आले तर मोटारीचं तोंड रस्त्याकडे. लोणखेड्याकडे! चारही टायरांत हवा नाही. धुळीत चाकाची एक रेघ नाही. दावं तसंच, गाठही तीच.

मग काकाच म्हणाले, "त्यामा काय शे? बैल बी पहिले आठ दिन जुना मालककडेच तोंड करस!"

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. खरंच, त्यात काय एवढं!

फक्त मायने ओट्यावरून विचारलं, "मंग चारा टाकू का तिले?"

*

पाचव्या दिवशी वजन पेलतं का ते पाहायला तिघं आत बसले. पुढे आबा आणि मिस्तरी, मागे एकटे दगाकाका. मोटारीत स्पिरिटचा वास होता. सहा वर्षं शेडमध्ये पडून, टप फाटका, तरी इंजेक्शन आत्ताच दिल्यासारखा ताजा.

काका डावीकडे सरकत गेले आणि मध्येच थांबले.

"सरका ना भो थोडं," ते म्हणाले.

मग त्यांनी शेजारी पाहिलं. त्यानंतर ते मोटारीत बसले नाहीत. आपण तसं बोललो, हेही ते कबूल करत नाहीत!

*

आठव्या दिवशी सकाळपासून मिस्तरी हँडल मारत होते. हाताला फोड आले, पण इंजिन हूं की चूं करेना. शेवटी त्यांनी प्लग काढले, फडक्यात बांधले आणि मान हलवली.

"रुळनी नही," आबा म्हणाले. "परत लई जा."

काकांनी दावं सोडलं. बैल जुंपायला आणले. मायने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

त्या आठ दिवसांत मी रोज दुपारी मोटारीत बसून धडे वाचायची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्याने वाचायची. तिथे मला लाज वाटत नसे. चुकले की मागून कुणीतरी हलकेच खाकरायचं. मी ते सुधारून पुढे वाचायची.

मी ओट्यावरून उतरले. खळ्यात वीसेक माणसं होती. एवढ्या माणसांसमोर मी जन्मात तोंड उघडलं नव्हतं. डाव्या दाराच्या पोच्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, उशीर होतोय. शाळेला."

इंजिन सुरू झालं.

बैल बुजले. काकांच्या हातून दावं पडलं. मिस्तरी फडकं उघडून पाहत राहिले. "आबा, प्लग ते मन्हा हातमा शेतस!"

मागचं डावं दार उघडलं. मी आत बसले, कोपरा सोडून.

आबांनी बैल परत गोठ्याकडे वळवले.

माय आठ दिवसांत एकदाही त्या मोटारीजवळ आली नव्हती. ती घरात गेली, माझं दप्तर घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मग पदर डोक्यावर ओढून, माझ्या पलीकडच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत म्हणाली,

"पोरले संभाळीसन लई जाज्यात, साहेब."