चौघांत एक चोर

मुलीने फोनवर एकच अट घातली. रविवारी ती ज्याला घरी आणणार होती, त्याला मी एकही प्रश्न विचारायचा नाही.

"तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, बाबा. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस स्वतःचं नाव विसरतो. जेवण झालं की आपण चौघं एक खेळ खेळू. मी आणतेय."

ती अन्यायाने बोलत नव्हती. राजधानी हलली तेव्हा माझे वडील नागपूरच्या कचेरीबरोबर भोपाळला आले. मीही पुढे सरकारी नोकरीतच लागलो आणि गेली कित्येक वर्षं कर्मचाऱ्यांच्या विभागीय चौकश्या करतो आहे. समोरचा माणूस खरं बोलतो आहे की नाही, हे पाहण्याची सवय आता कचेरीत ठेवून येता येत नाही. मुलीला त्या तरुणाशी लग्न करायचं होतं आणि त्यासाठी आमचा होकार हवा होता, अशी माझी समजूत होती. प्रश्न न विचारता होकार कसा द्यायचा, हे मात्र मला कळत नव्हतं.

तो इंदूरचा, मराठी घरातला. शाहपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो दुपारी आला, तेव्हा पत्नीने रीत म्हणून आधी पोहे पुढे केले. त्याने बशीकडे पाहिलं आणि थोडा घुटमळला.

"शेव हवी असेल ना?" पत्नी म्हणाली. "तुमच्या इंदूरला शेवेशिवाय पोहे घशाखाली उतरत नाहीत म्हणे."

"नाही काकू, असेच मस्त आहेत."

"खोटं बोलतोय," मुलगी म्हणाली. "आई, शेव दे त्याला."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनाशी नोंद झाली होती.

जेवणानंतर टेबलावर खेळ मांडला गेला. एका परक्या बंदराच्या शहराचा मोठा नकाशा, माणसांची चित्रं असलेले पत्ते, जागांचे पत्ते आणि काही बंद पाकिटं. भाजीच्या गाडीवर पैसे देण्यासाठी चौकोनी ठिपक्यांचा शिक्का लावलेला असतो, तसा शिक्का प्रत्येक पत्त्यावर होता. फोनमधल्या अ‍ॅपने तो टिपला की ते पात्र इंग्रजीत बोलू लागे आणि मुलगी आम्हांला मराठीत सांगे. संग्रहालयातून एक जुनं घड्याळ चोरीला गेलं होतं, पहारेकरी बेशुद्ध सापडला होता. चोर कोण, ते आम्ही शोधायचं. प्रत्येक चौकशीला खेळातला वेळ खर्च होत होता आणि तो संपला की अ‍ॅप उत्तर मागणार होतं.

"आपण चौघं एका बाजूला," मुलगी म्हणाली.

"आणि समोरच्या बाजूला कोण?"

"कोणी नाही, बाबा."

"असं कसं? कोणीतरी असणारच."

"फोन आहे ना समोर."

माझं समाधान झालं नाही. लहानपणी आम्ही चिठ्ठ्या टाकून राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळत असू. चार जण, चार चिठ्ठ्या, आणि त्यातला एक चोर. चोराने चेहरा साधा ठेवायचा आणि शिपायाने तो वाचायचा, एवढाच तो खेळ. इथेही आम्ही चौघंच होतो. "सगळे एका बाजूला" हे खेळातच पेरलेलं पहिलं खोटं असावं, अशी मला शंका आली. मग मुलीने प्रत्येकाला भूमिकेचा पत्ता वाटला. ती डॉक्टर झाली, पत्नी पत्रकार, मी सेवानिवृत्त पोलीस.

"अहो, इथे आधीच रिटायर झालात की!" पत्नी म्हणाली.

त्या तरुणाला बहुरूप्याचा पत्ता आला. वेष पालटून तो कुठेही शिरू शकणार होता. पत्ता वाचून तो मनापासून हसला. माझी शंका पक्की झाली.

त्यानंतरचा तासभर मी त्या घड्याळाच्या चोरीत नव्हतोच. पत्नीला फोन कसा धरायचा ते पटकन जमलं. ती संग्रहालयाच्या माळ्यापासून मालकाच्या भाचीपर्यंत सगळ्यांना फोनवर आणत होती आणि मध्येच मला "तुमचं लक्ष कुठे आहे?" म्हणत होती. माझं लक्ष त्याच्यावर होतं. पत्नी एखाद्या पात्रावर संशय घेई, तेव्हा तो म्हणे, "काकू बरोबर म्हणताहेत." मुलगी नेमकं उलटं म्हणाली की तो म्हणे, "हां, हेही होऊ शकतं." दोघींशी सहमत होणाऱ्या माणसाला कचेरीत मी काय समजलो असतो? इथे काय समजावं, ते ठरत नव्हतं. त्याचं चोर असणं खेळातलं होतं की खेळाबाहेरचं, हेही माझ्या मनात नीट वेगळं राहिलं नव्हतं.

अशा वेळी अ‍ॅपने चौथं पाकीट उघडायला सांगितलं. त्या तरुणाने ते उघडलं. आतून वर्तमानपत्राच्या पानासारखा एक कागद निघाला आणि त्याबरोबर छिद्रं पाडलेला एक छोटा पत्ता माझ्यासमोर घसरत आला. मुलगी पाणी आणायला उठली होती, पत्नी फोनशी झटत होती आणि तो कागद उलगडत होता. मी तो पत्ता उचलून चष्म्याच्या घरात ठेवला.

चौकशीत एखादा महत्त्वाचा कागद मी समोरच्याचं म्हणणं पूर्ण होईपर्यंत फाइलखाली ठेवतो. तो कागद नाही असं समजून माणूस काय बोलतो, हे पाहण्यासारखं असतं. माझा हात त्या सवयीने गेला असावा. मुलीच्या सुखाचा प्रश्न असलेल्या त्या टेबलावर मी एका पाहुण्यापासून पत्ता लपवत होतो, आणि त्या क्षणी मला ते कर्तव्यासारखं वाटत होतं.

कागद कोणालाच उलगडला नाही. अक्षरं मोजून झाली, कागद आरशासमोर धरून झाला, पत्नीने तो दिव्यासमोरही धरला. त्यानेही बरीच खटपट केली, पण त्याचा चेहरा साधाच राहिला. खेळातला वेळ संपला. अ‍ॅपने चोराचं नाव मागितलं, आणि आम्ही अंदाजाने माळ्याचं नाव दिलं. फोनमधल्या जाड आवाजाने सांगितलं की एक निरपराध माणूस तुरुंगात गेला आहे.

"अरेरे, बिचारा माळी," पत्नी म्हणाली.

मुलीने उत्तरांचं पान उघडलं. "अरे यार! ह्या कागदावर ठेवायला छिद्रांचा एक पत्ता हवा होता. चौथ्या पाकिटात. कुठे आहे?"

मी गडबडलो. चष्मा काढला आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्याचं घर उघडलं. पत्ता माझ्या मांडीवरून टेबलाखाली पडला. पडताना तो फक्त त्या तरुणाने पाहिला. क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वाकला, आणि हातात पत्ता घेऊन वर आला.

"माझ्याच पायाशी होता," तो म्हणाला. "पाकीट उघडताना माझ्या हातून पडला असणार. सॉरी, काकू. माळी माझ्यामुळे गेला."

"धांदरट!" मुलीने त्याच्या दंडावर चापट मारली. तो हसला, आणि चहाचे कप आणायला पत्नीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

मी तसाच बसून राहिलो. सबंध दुपार ज्या एका खोट्या वाक्याची मी वाट पाहत होतो, ते मला मिळालं होतं आणि ते माझ्यासाठी बोललं गेलं होतं. ह्याचा आनंद मानावा, की जो इतक्या सहज खोटं बोलू शकतो त्याची काळजी करावी? एखाद्या चौकशीत दुसऱ्याचा दोष अंगावर घेणारा साक्षीदार आला असता, तर मी त्याला कधीच सोडला नसता.

मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. "बोला, बाबा. कसा वाटला?"

त्याच्याविषयी काहीही बोलायचं तर आधी माझ्याविषयी बोलणं भाग होतं. मी हळू आवाजात सगळं सांगितलं: चिठ्ठ्यांचा खेळ, चष्म्याचं घर, टेबलाखाली पडलेला पत्ता. त्याने माझी लाज राखली, हे तिच्या कानावर गेलं की त्याचं भलं होईल, अशी माझी कल्पना होती.

तिचा चेहरा बदलला, पण माझ्यावर चिडून नाही.

"म्हणजे तो खोटं बोलला. माझ्या तोंडावर."

"माझ्यासाठी बोलला गं."

"नेहमी कोणासाठी तरीच असतं, बाबा. ऑफिसात, मित्रांत, त्याच्या आईकडे. कोणाला वाईट वाटू नये म्हणून. मी त्याला सांगितलं होतं, हे थांबलं नाही तर मला जमणार नाही. इथे आणण्याआधी शेवटचं सांगितलं होतं."

तेव्हा मला उमगलं की त्या दुपारी होकार माझा अडलाच नव्हता. अडला होता तो तिचा, आणि तो मी माझ्या चांगुलपणाच्या भरात जवळजवळ संपवला होता. ती उठली, स्वयंपाकघराच्या दारातून त्याला हाक मारली आणि माझ्यासमोर आणून उभं केलं.

"बाबांनी सांगितलं सगळं," ती म्हणाली.

त्याने हातातला ट्रे खाली ठेवला.

"त्यांचा दोष नाही," मी म्हणालो. "पत्ता मी लपवला. आणि खरं पाहता अशा वेळी कोणताही सभ्य माणूस..."

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय?"

दुपारभर ज्याच्यावर नजर ठेवली, त्याचीच वकिली मी करत होतो आणि ती मला धड जमतही नव्हती.

"काका, एक विचारू?" तो म्हणाला. "पत्ता का लपवला?"

"तुम्ही चोर आहात असं वाटलं."

स्वयंपाकघरातून पत्नीचं हसू ऐकू आलं. मुलगी हसली नाही. "आता तू सांग," ती त्याला म्हणाली. "टेबलाखालून वर येताना तुझ्या मनात काय होतं? सरळ सांग. बाबांना बरं वाटेल असं नको."

त्याचे कान लाल झाले होते. "राग आला होता," तो अखेर म्हणाला. "मला वाटलं, ह्यांनी नकार आधीच ठरवलाय, मतलब खेळून उपयोग काय. आणि भीतीही वाटली. म्हणून बोलून गेलो. आणि काकू, पोह्यांत मीठ कमी होतं."

"मीठ कमी होतंच," पत्नी आतून म्हणाली. "ह्यांचं बीपी."

ती दोघं चहा न घेताच घराजवळच्या तळ्याकडे फिरायला गेली. मी गॅलरीत उभा राहिलो. दुरून दोघं दिसत होती. मुलगी बोलत होती, तो थांबून ऐकत होता, मग तो बोलू लागला. भांडण चाललं होतं की समेट, चालण्यावरून मला काहीच ओळखता येत नव्हतं. इतकी वर्षं माणसं वाचण्याचं काम केलेल्या मला, माझ्याच मुलीची पाठ वाचता येत नव्हती. आपण गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं का, हे मी स्वतःला विचारत राहिलो, आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं.

दोघं परत आली तेव्हा चहा पुन्हा गरम करावा लागला. पहिल्या घोटानंतर तो म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन येऊ?" विचारून झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं. ती कपातच पाहत होती, पण तिने मान हलवली.

पत्नी माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्हांला विचारताहेत."

"या," मी म्हणालो. "अवश्य या."

"किती जण याल?" पत्नीने विचारलं.

"सात-आठ," तो म्हणाला. मग जरा थांबला. "नाही, काकू. पंधरा तरी होतील. आत्या दोघी आहेत, त्या ऐकणार नाहीत."

"अगंबाई," पत्नी म्हणाली, आणि बसायला खुर्च्या किती लागतील ते मुलीबरोबर मोजू लागली.