रेघेबाहेरची कोंबडी

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी इर्या कार्पिनेन पाणथळीत घोटाभर शेवाळात उभी होती आणि होकायंत्राची सुई थांबायची वाट बघत होती. तिच्या उजवीकडे वीस मीटरवर उंतो, गावच्या शिकार मंडळाचा अध्यक्ष. डावीकडे तेवढ्याच अंतरावर मिर्वा, जी एरवी टपाल वाटते. दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूने दहा-दहा मीटर धरले की साठ मीटरची पट्टी होते. तिच्यातून जो पक्षी उडेल तो मोजायचा. बाहेरचा मोजायचा नाही.

कायनू प्रांताच्या या जंगलातला त्रिकोण, म्हणजे पक्षी मोजायची तीन बाजूंची ठरलेली वाट, दर ऑगस्टमध्ये चालला जातो, एकदाही खंड न पडता. देशभर असे शेकडो त्रिकोण आहेत, दक्षिणेच्या शेतांलगतच्या रानापासून लॅपलँडच्या खुरट्या बर्चपर्यंत. थंड, ओल्या जूनमध्ये रानकोंबड्यांची पिल्लं कुठे मेली आणि कुठे तगली हे त्यांच्यावरून कळतं आणि शिकारीचे दिवस त्यावरून ठरतात. रेघ एकदा आखली की हलवायची नाही. मध्ये रस्ता झाला तरी तो ओलांडून सरळ जायचं.

होकायंत्र आणि नोंद मधल्या माणसाकडे असते. ती जागा गेल्या वर्षापर्यंत इर्याच्या नवऱ्याची होती. ओइवा मार्चमध्ये लाकडाच्या शेडमध्ये पडला, तो उठला नाही. एप्रिलमध्ये लाकडाचा व्यापारी आला आणि इर्याने सही केली. ओढ्याकडचं त्यांचं म्हातारं जंगल जूनमध्ये यंत्रांनी आडवं केलं. का विकलं, असं गावात पुष्कळांनी विचारलं. तिने प्रत्येकाला एवढंच सांगितलं की माणूस घरी आला होता. इतकी वर्षं ज्या रेघेवरून ती चालत होती, तिची दुसरी बाजू त्याच झाडांमधून जाते, हे सही करताना तिच्या डोक्यात आलं नव्हतं. यंत्रांचा आवाज सुरू झाल्यावर आलं.

पहिली बाजू नेहमीसारखी गेली. मिर्वा पुढे निघून जायची आणि उंतो तिला ओरडायचा.

"टपाल वाटायला निघालीस का? रांगेत राहा."

"रांग तुमच्या पोटामुळे वाकडी होते, काका."

इर्या सुईकडे बघत चालत राहिली. ठरावीक अंतराने ती "हो" अशी हाक द्यायची आणि दोन्हीकडून उत्तर आलं की पुढे जायची.

दुसऱ्या बाजूवर अर्ध्या वाटेत झाडं संपली. समोर बुंधे, वाळलेल्या फांद्यांचे ढीग, यंत्राच्या चाकांच्या पाणी भरलेल्या चाऱ्या. डावीकडे ओढ्याच्या काठाने उभ्या झाडांची अरुंद पट्टी तेवढी सोडलेली होती. उंतो आपली जागा सोडून तिच्यापाशी आला. हे बोलायचं त्याने घरूनच ठरवून आणलं असावं.

"इर्या, ओढ्याच्या काठाने जाऊ या. कोण बघतंय?"

रेघ इथून जाते, असं ती म्हणाली.

"तुला हे तुडवत जायला लागू नये म्हणून म्हणतोय गं."

"कळलं मला. जागेवर जा."

तो गेला. तिने दिशा धरली आणि बुंध्यांमधून चालू लागली. फांद्या ओलांडताना ती एकदा घसरली, उठली, पुन्हा सुईकडे बघितलं. हाकेचा आवाज जंगलात होता तसाच होता.

कोपऱ्याच्या थोडं आधी, तोडीतच, ओढ्याकडून पंखांचा मोठा फडफडाट झाला. मेत्सो जातीची मोठी रानकोंबडी होती, तपकिरी, चांगली भरलेली. तिच्यामागून तीन पिल्लं उडाली, बऱ्यापैकी मोठी. मिर्वाने हात वर करून जागा दाखवली. पिल्लांसकट कोंबडी म्हणजे या बाजूची सगळी कमाई होती. उंतो धापा टाकत आला आणि लिही म्हणाला.

इर्याने टेप काढली. मिर्वाच्या पायापासून कोंबडी उठली त्या झुडपापर्यंत सतरा मीटर भरले.

"बाहेर आहे," ती म्हणाली.

"सात मीटरांसाठी? ओइवाने लिहिली असती."

"नसती."

हे खरं आहे हे उंतोलाही माहीत होतं. त्याने दुसरीकडून सुरुवात केली. "बरं, वरून कुणी विचारलं, की या तुकड्यावर दरवर्षी दोन-तीन कोंबड्या असतात आणि यंदा शून्य, तर काय सांगशील?"

"झाडं तोडली."

"कुणी तोडली?"

प्रश्न तोंडातून गेल्यावर त्याला तो ऐकू आला. तो काही जोडणार होता.

"मी," इर्या म्हणाली. 'बाहेर आहे' म्हणाली होती त्याच आवाजात.

मग तिने नकाशावर त्या तुकड्यापुढे शून्य लिहिलं आणि शेजारी 'यंदाची तोड' असं लिहिलं. मिर्वा मान खाली घालून टेप गुंडाळत राहिली.

कोपऱ्यावर पोचल्यावर तिघं एका ओंडक्यावर बसली. उंतोने काळ्या पावाचे तुकडे केले आणि इर्याला मोठा दिला. मिर्वाने थर्मासमधली कॉफी ओतली. इर्या दोन चमचे साखर घेते, ती मिर्वा विसरली. इर्या कप रिकामा होईपर्यंत प्यायली आणि साखर नाही हे तिला कळलं नाही. शेवटी उंतोने विचारलं, की उद्या मधली जागा त्याने घ्यावी का. ती नको म्हणाली.

तिसरी बाजू उद्या चालायची आहे. तिचे पहिले चारशे मीटर त्याच तोडीतून जातात. निघायची वेळ सकाळी सात. पाऊस असला तर सोमवारी.