पत्र्याला पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या आणि मी घरामागच्या शेडात एकट्यापुरतं छोटं विमान बांधत होतो. पंखाच्या फासळ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या. लाकडी साच्यावर ठोकून वळवताना पत्रा कडक होतो आणि चिरतो. म्हणून तो मऊ करायला त्याला साबण फासायचा, पुरेसा तापल्याची खूण म्हणून साबण काळा पडेपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवून गार करायचं.

पहिल्याच फासळीला आई कडाडली, "लोक घोटभर पाण्याला तरसतायत अन् तू पत्र्याला पाणी पाजतोयस?"

मी काम बंद केलं.

पुढं कुणी मंत्री येणार म्हणून गल्लीत टँकर आला. आई घागर घेऊन धावली. टँकरवाल्यानं तिच्या डोळ्यांदेखत तोटी सोडली ती रस्त्यावर, साहेबांच्या गाड्यांनी धूळ उडू नये म्हणून! आईनं घागर पुढं केली तर तो गुरकावला, "हे प्यायचं न्हाई, सरकारी हाय."

आई घरात गेली. माठातलं उरलंसुरलं पाणी तांब्यात घेऊन आली आणि तांब्या माझ्यासमोर आदळला.

"घे, पाज तुझ्या पत्र्याला. रस्ता पाणी पितोय, तर पत्र्यानं काय घोडं मारलंय?"