आहे-तसं बाई

शहरभर खांबाखांबांवर तिच्या पाट्या: "घर विकत हवं. आहे तसं चालेल. फोन करा." त्यावरून तिचं नावच पडलं, आहे-तसं बाई. घाईत असलेल्यांचं घर पडत्या भावात घ्यायचं, डागडुजी करायची, चढ्या भावात विकायचं, हा धंदा.

पाट्या नवरा रंगवायचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं, आणि तिचं डोकं फिरायचं ते त्यावरूनच.

"अहो, जरा वाकडं काढा की!"

"वाकडं? शाळेत बक्षीस मिळालंय मला अक्षराचं."

"म्हणूनच उपाशी मरू आपण. सुबक पाटी दिसली की लोकांना वाटतं, कंपनी आली लुटायला. वाकडी दिसली की वाटतं, माणूस आहे."

बिचारा डाव्या हातानं लिहायला लागला. फोन खणाणू लागले.

फोनवर ती भाव कधीच आधी काढत नसे. "कधीपर्यंत मोकळं करायचंय?" एवढंच विचारी. तारीख जितकी जवळ, तितका माणूस नरम; एजंटच्या ऑफिसात नोकरी करताना हे तिनं टिपलं होतं.

एका निवृत्त मास्तरांची तारीख तर तोंडावर आलेली. बायकोला जिने चढवेनात, लेकीकडे जायचं होतं. आहे-तसं बाई घर बघायला गेली, तर भिंतींना ओला रंग, आणि मास्तर कोपरापर्यंत पांढरेफटक.

"अहो मास्तर, आहे तसं चालेल म्हटलं होतं ना?"

"हो, पण पोरांना कळकट भिंतींत कुठे ठेवता? ही खोली त्यांना द्या, अभ्यासाला उजेड आहे. किती मुलं तुम्हाला?"

तिला उमगेचना.

"कंपनीवाले जास्त देत होते," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. "पण ह्यांचं आपलं एकच. पाटी बघ म्हणे, बिचाऱ्यांनी स्वतः लिहिलीय, डोक्यावर छप्पर नसेल. कमी का होईना, त्यांनाच देऊ."

गप्प बसली असती तर घर खिशात होतं. ती खिडकीपर्यंत गेली, परत आली.

"मास्तर, मी इथे राहणार नाही. विकणार आहे. धंदाच आहे माझा. घर आहे मला, चांगलं."

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. "म्हणजे मी उगाच पाठ मोडून घेतली."

"उगाच कसं? रंग झकास बसलाय."

मास्तरीणबाई खुदकन हसल्या. मास्तर नाही हसले. त्यांनी खुर्ची ओढली.

"बसा. कंपनीचा भाव सांगतो. त्याच्याखाली एक पैसा उतरणार नाही."

"तारीख तोंडावर आहे हो तुमची," ती सवयीनं बोलून गेली.

"तारखेचं मी बघतो. तुम्ही भावाचं बघा."

घर तिनं कंपनीच्याच भावाला घेतलं. "मला त्यात काही सुटलं नाही," असं ती अजून कुरकुरत सांगते. मात्र कुणी न विचारताच सांगते.