पावसात फुंकलेला तारपा

सुकऱ्याला कुणी कधी घाईत पाहिलं नव्हतं. बैल सुटला तरी तो आधी बिडी विझवणार आणि मग उठणार. साखरशेतजवळच्या त्याच्या पाड्यावर यावरून त्याची थट्टा व्हायची. घराला आग लागली तरी हा आधी डोक्याला फडकं बांधील, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे आणि सुकऱ्याही त्यांच्यात हसायचा. तारप्याबद्दल मात्र थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. लांबुडक्या दुधीचं, बांबूच्या नळ्यांचं, मेणानं सांधलेलं ते वाद्य त्याने तोंडाला लावलं की गुडघे धरून चालणारी माणसंसुद्धा एकमेकांच्या कमरेत हात घालून फेरात शिरत. हा माणूस श्वास घेतो तरी कधी, हे बघणाऱ्याला उमगायचं नाही.

त्याच्या तारप्याचा एक नेम होता. पावसाळ्यात तो आढ्याला टांगलेला असायचा. नवं भात तयार झालं, ते देवाला दाखवून झालं, की मगच तो खाली उतरायचा. त्याआधी फुंकला तर पाऊस रस्ता चुकतो, जायच्या वेळी जात नाही, असं जुनी माणसं सांगत. जव्हारात कार्यक्रमांना, पाहुण्यांपुढे बाराही महिने तारपे वाजतात हे सुकऱ्याला ठाऊक होतं आणि तो त्याबद्दल कुणाला नावंही ठेवत नसे. "त्यांचा त्यांच्यापाशी," तो म्हणायचा, "माझा पावसात नाय वाजत."

तो नेम त्याने मोडला तो नातीपायी.

प्रमिला त्याच्या मुलाची मुलगी. आईबाप दिवाळी झाली की वसईकडे वीटभट्टीवर जायचे, त्यामुळे ती वाढली आज्याच्याच हाताखाली. जव्हारच्या कॉलेजात गेल्यावर ती एका संस्थेच्या गटात सामील झाली. गटातली पोरं आश्रमशाळांमधून फिरून मुलांना हवामान का बदलतंय ते समजावून सांगत. प्रमिलाला हे काम मनापासून आवडलं. वांगणीपासून पोशेऱ्यापर्यंत, एसटी मिळेल तिथवर एसटीने आणि पुढे पायी, ती शाळा धुंडाळत जायची. दोन काचेच्या बरण्या उन्हात ठेवायच्या, एकीला झाकण, दुसरी उघडी, आणि थोड्या वेळाने मुलांना आत हात घालून बघायला लावायचं. धुराचं असंच झाकण पृथ्वीवर बसतंय, ती सांगायची, म्हणून समुद्र तापतोय आणि पाऊस भलत्या वेळी येतोय. पुस्तकी मराठी ऐकून जांभया देणारी मुलं तिच्या घरच्या बोलीत हे ऐकलं की कान टवकारायची.

जुलैमध्ये गटाने जव्हारला मोठी फेरी काढायची ठरवली. आसपासच्या शाळा, कॉलेजं सगळी यायची होती आणि शेवटी प्रमिलाचं भाषण होतं. गटाचं काम बघणारा हेमंत ठाण्याचा, मनाने सरळ. तो पाड्यावर येऊन सुकऱ्यासमोर मांडी घालून बसला. "बाबा, तुम्ही तारपा वाजवलात तर पोरं आपोआप येतील," तो म्हणाला. सुकऱ्याने त्याला चहा पाजला, भाताची आवणी कुठवर आली ते सांगितलं, आणि नाही म्हणाला. हेमंतने पुन्हा विचारलं नाही.

विचारलं ते प्रमिलाने. दुसऱ्या दिवशी आज्यासोबत चिखलात आवणी करताना ती म्हणाली, "माना भीती वाटते, आजा. एवढ्या लोकांपुढं मी कधी बोलली नाय. तू असशील तर बोलंन."

सुकऱ्या वाकूनच रोपं लावत राहिला. हातातली जुडी संपल्यावर म्हणाला, "मी नुसता येऊन उभा राहिलो तर नाय चालायचा?"

"चालंल," ती म्हणाली. पण तिचं तोंड एवढंसं झालं, आणि ते बघायची सुकऱ्याला सवय नव्हती. त्या संध्याकाळी त्याने तारपा आढ्यावरून काढला, फडक्याने पुसला, आणि नळीचं मेण बोटाने दाबून बघितलं.

फेरी झाली ती दृष्ट लागावी अशी. भिजत भिजत शाळेच्या पोरी फेर धरून नाचल्या, बाजारातली माणसं दुकानं सोडून बाहेर आली. प्रमिला उभी राहिली तेव्हा बाजूला आजा होता आणि ती बोलली. सुकऱ्याला त्यातलं फारसं कळलं नाही. घरी परतताना मात्र त्याने रस्ताभर प्रत्येक ओळखीच्याला थांबवून सांगितलं, "माझी नात बोलली. मोठ्या लोकांनी टाळ्या पिटल्या."

त्या वर्षी भात चांगलं आलं. ऑक्टोबरमध्ये पाड्याने ते कापलं आणि शेतातच वाळत घातलं, दर वर्षी घालतात तसं. आणि मग पाऊस आला. आला तो मुक्कामालाच. आभाळ उघडलं तेव्हा कापलेलं भात चिखलात लोळत होतं आणि दाण्यादाण्याला कोंब फुटले होते. बायका ओंजळीत ते भात घेऊन बांधावर बसल्या होत्या. कुणी रडत नव्हतं. वर्षाचं पोट असं जमिनीवर सडताना बघून रडूसुद्धा येत नाही.

म्हातारी गोदी सुकऱ्याची शेजारीण. ती वाईट बाई नव्हे. प्रमिलाची आई बाळंत झाली तेव्हा तिनेच हात दिला होता. पण तीच बोलली. "सुकऱ्यानं आवणीत तारपा फुकला," ती म्हणाली. आवाज चढवून नव्हे, साधंच. पाड्याला एवढं पुरलं. सुकऱ्याला कुणी शिवी दिली नाही की वाळीत टाकलं नाही. फक्त त्या साली नाचाला शेजारच्या पाड्यावरचा तारपेवाला बोलावला. सुकऱ्या घरात बसून तो ऐकत होता. एका जागी त्याचा सूर चुकला तेव्हा सुकऱ्याची बोटं मांडीवर हलली, हे प्रमिलाने बघितलं.

ती गोदीशी भांडली. सगळ्या पाड्याला समजावत फिरली. पण तिला खरी कळकळ होती ती एका माणसाला पटवायची. एका सकाळी तिने अंगणात उन्हात त्या दोन बरण्या मांडल्या आणि आज्याला जवळ बसवलं. शाळेत सांगायची ते सगळं सांगितलं, हात आत घालायला लावला. सुकऱ्याने मन लावून ऐकलं. नातीच्या शिकवण्याचा त्याने कधी अपमान केला नव्हता.

"हा धूर कोन करतो?" त्याने विचारलं.

"मोठाली शहरं. कारखाने, गाड्या. लांब लांबच्या देशांतली माणसं."

"त्यांना म्हायती हाय, त्यांच्या धुरानं आपला भात सडतो?"

"हाय, आजा. कवाचं म्हायती हाय."

"म्हायती असून करतात?"

सुकऱ्याने बरणीतून हात काढला आणि मान हलवली. "नाय पोरी. असा कोन करील? तुना कोनीतरी खोटा सांगितला." मग तिची समजूत काढल्यासारखं म्हणाला, "माझी चूक हाय ती बरी. मी थांबलो का पाऊस सुधरंल."

तो गावदेवीच्या थळावर गेला, कोंबडा दिला, आणि तारपा तिथल्या झाडाला बांधून आला. देवीचा झाला तो, आता परत घ्यायचा नाही. उन्हात मेण वितळलं, पावसात दुधी कुजला. त्या वाटेने जाताना प्रमिला मान खाली घालायची. सुकऱ्या मात्र वर्षभर हलका होता. पेरणीला उत्साहाने उभा राहिला, बैलांशी गप्पा मारल्या, "औंदा नीट जाईल पाऊस," असं जो भेटेल त्याला सांगत सुटला. जवळची एकुलती एक मोलाची गोष्ट देऊन त्याने सगळ्या पाड्यासाठी आपली चूक फेडली होती. त्याला हसताना बघून प्रमिलाला वाटायचं, आपणच खोटे ठरलो तर किती बरं होईल. शाळांतून बरण्या मांडताना तिचं तोंड एक सांगायचं आणि मन गुपचूप देवीला दुसरंच मागायचं.

ऑक्टोबर आला. भात कापून शेतात पडलं, आणि पाऊस पुन्हा आला. तसाच, मुक्कामाला.

पाऊस ओसरल्यावर पहिल्यांदा गोदी आली. भिजलेल्या पदराने तोंड पुसत दारातच उभी राहिली. "सुकऱ्या," ती म्हणाली, "तुझा दोष नव्हता रे. आमी उगाच बोललो. नवीन तारपा कर." तिला खरंच वाईट वाटत होतं. सुकऱ्याने तिला बस म्हटलं, पण ती बसली नाही.

प्रमिला जव्हारहून धावत आली होती. एवढं नुकसान झालेलं, आणि तरी येताना वाटेत तिच्या मनात एक चोरटा आनंद होता. आता आज्याला कळलं असेल. आता त्याच्या माथ्यावरचं ओझं उतरलं असेल. ती घरात शिरली तेव्हा सुकऱ्या कोंब आलेल्या भाताची पेंडी मांडीवर घेऊन बसला होता आणि रडत होता. तिने त्याला जन्मात रडताना बघितलं नव्हतं, मागच्या वर्षीसुद्धा नाही.

ती त्याच्या पायाशी बसली. "आजा, बघितलास ना? तुझ्यानं नव्हता झाला. मी सांगत होती."

"हां," सुकऱ्या म्हणाला. "तुझाच खरा निघाला."

त्याने पेंडीतले कोंब बोटाने चाचपले. मग त्याने वर बघितलं. नेहमी सगळं ठाऊक असलेल्या नातीने आता पुढचंही सांगावं, असं त्याच्या डोळ्यांत होतं.

"माझी चूक होती तवर बरा होता, पोरी," तो म्हणाला. "मी थांबलो. आथा कोनाला थांबवू?"

प्रमिलाने ती पेंडी त्याच्या मांडीवरून उचलली आणि त्याचे भिजलेले हात आपल्या ओढणीने पुसत राहिली. शाळाशाळांतून मुलांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिला पाठ होती. या प्रश्नाचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.