गाडी चुकलेल्यांचा ओटा

खारबाव स्टेशनाजवळच्या आमच्या ओट्यावर आता कुणी बसत नाही. गाडीची वेळ मोबाइलवर दिसते, गेलीच तर हव्या तितक्या रिक्षा आहेत. मला मात्र तो भरलेला ओटा फार आठवतो. माझं लग्न झालं तेव्हा दिवसाकाठी मोजक्याच गाड्या होत्या आणि गाडी चुकलेल्याला सासूबाई हाक मारून बोलवायच्या. जेवण मिळायचं, शेवटची गाडी हुकली तर पथारीही. नाव-गाव विचारायची पद्धत नव्हती.

मी कल्याणच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. घराची धर्मशाळा केलीय, म्हणून नवऱ्याकडे कुरकुरायचे आणि कुणी आलं की कपाटाला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचायचे.

एका रविवारी गाडी हुकलेली एक बाई आली. दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला जाते, एवढंच बोलली. मांडीवरची पिशवी ती खाली ठेवेना, त्याचाही मला संशय. पानं वाढायच्या आतच सासूबाईंची साखर उतरली आणि त्या मोरीपाशी कोसळल्या. नवरा ड्युटीवर, शेजारी झाडून सगळे हळदीला गेलेले. रिक्षात सासूबाईंना धरायचं तर नऊ महिन्यांचं पोर कुठे ठेवणार? मी ते त्या बाईच्या ओटीत घातलं आणि निघाले. भिवंडीच्या दवाखान्यात सलाइन लागल्यावर भानावर आले. बाईचं नावही मला ठाऊक नव्हतं.

परतले तेव्हा पाच वाजून गेले होते. पोर तिच्या मांडीवर गाढ झोपलेलं, हनुवटीला मऊ भात लागलेला. मला रडूच फुटलं. सासूबाई बऱ्या आहेत कळल्यावर ती उठली. तेव्हा कुठे मी विचारलं, निघाला होतात कुठे?

"वसईला. लेक होस्टेलला हाय. म्हयन्यातून एकच रविवार भेटू देतात, चार वाजेस्तोवर."

आधी का नाही सांगितलंत, मी म्हणाले. त्यावर तिनं मलाच विचारलं, "मंग तुझा पोर कोनाकडं ठेवला असतास?" पिशवीत लेकीसाठी केलेले लाडू होते. ती परत घरी गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या महिन्यातल्या भेटीच्या रविवारी तिला स्टेशनावर गाठून पोराला कडेवर घेऊन मीही तिच्याबरोबर वसईला गेले. दहा-अकरा वर्षांची मुलगी, दोन घट्ट वेण्या. आईशी बोलेना, लाडवांना हात लावेना. मागच्या वेळी फाटक बंद होईपर्यंत तिथेच उभी होती म्हणे. मी घडलं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. ती माझ्या पोराकडे बराच वेळ बघत राहिली.

"रडला का हा?"

सुरुवातीला खूप रडला, मग तुझ्या आईच्या मांडीवर झोपला, मी सांगितलं.

"मला पन तिथंच झोप लागते," ती म्हणाली.